कुकरमधला तिसरा डबा

बाळाचं उष्टावण झालं की दुसऱ्या दिवसापासून घरात एकच प्रश्न फिरू लागतो: आता याला रोज भरवायचं काय? उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. वरणावरचं पाणी, भाताची पेज, गाजर उकळून गाळलेलं पाणी. नाजूक पोटाला काहीतरी हलकं जावं, एवढीच त्यामागची इच्छा असते. पण या तिन्हींत बाळाच्या पोटात मुख्यतः पाणी जातं आणि डाळ, भात, गाजर भांड्याच्या तळाशी किंवा गाळणीत राहतं. याच्या अगदी उलट करणारी घरंही आहेत. तिथे बाळासाठी वेगळं भांडं येतं, वेगळा मिक्सर येतो, रोजची वेगळी पाककृती शोधली जाते. काही दिवस हे उत्साहाने चालतं, मग सगळ्यांची दमछाक होते आणि दुकानातला पावडरीचा डबा घरात येतो. भाजीची प्युरी हा वेगळा पदार्थ नाहीच, घरच्या रोजच्या स्वयंपाकातली ती एक मधली पायरी आहे, असं मानलं तर दोन्ही अडचणी सुटतात. कुकर उघडल्यानंतर आणि फोडणी पडण्याआधी जी मऊ शिजलेली, बिनमिठाची भाजी हातात असते, ती बाळाची. तिथून पुढे तिखट-मीठ घालून होते ती घराची. बाळाचा वाटा मात्र घट्ट हवा, आणि या घट्टपणावर मी इतका जोर का देतो आहे ते आधी आकड्यांतून पाहू.

आईचं दूध नीट पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी मिळायला हव्यात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. नऊ ते अकरा महिन्यांत ही गरज ३०० वर जाते आणि एक ते दोन वर्षांच्या काळात सुमारे ५५० वर. आता पोटाचं माप बघा. बाळाच्या जठरात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं. म्हणजे सात किलोच्या बाळाचं पोट २०० मिलिलिटरच्या आसपास भरतं, आणि त्यातही दुधासाठी जागा ठेवायची असते. सुरुवातीच्या महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळाच भरवायचं असतं. एवढ्याशा जागेत पाणी ओतलं तर पोट भरतं, बाळ तोंड फिरवतं, आणि अंगाला लागेल असं काहीच गेलेलं नसतं. नुसत्या भाजीचंही तसंच आहे. १०० ग्रॅम लाल भोपळ्यात जेमतेम २५ कॅलरी असतात, दुधीत त्याहूनही कमी. म्हणून भाजीची प्युरी एकटी देऊन भागत नाही. तिला सोबत लागते. तीन मोठे चमचे घोटलेला भोपळा, तेवढाच गुरगुट्या भात, दोन मोठे चमचे घट्ट वरण आणि त्यात छोटा अर्धा-पाऊण चमचा साजूक तूप एवढं एकत्र केलं, तर अर्ध्या वाटीच्या आसपासच्या घासात साधारण १०० कॅलरी बसतात. असं दोन वेळा झालं की दिवसाचा हिशेब जुळला. तूप इथे दोन कामं करतं. थोड्या जागेत जास्त ऊर्जा देतं, आणि भोपळा, गाजर, रताळं यांच्या केशरी रंगातलं बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषलं जात नाही, त्याला मदत करतं. तुपाऐवजी घरात वापरतात ते तेल घातलं तरी चालतं. ही अर्धी वाटी अर्थात पहिल्याच दिवशी संपणार नाही. सुरुवात दोन-तीन चमच्यांनीच करायची आणि आठवडे जातील तसं वाढवत न्यायचं.

आता कुकर. मराठी घरात वरण-भाताचा कुकर लागतो तेव्हा खाली डाळीचा डबा असतो आणि वर भाताचा. त्यावर तिसरा, झाकणाचा छोटा डबा ठेवा. पाव किलो लाल भोपळा धुऊन, साल आणि बिया काढून, मोठ्या फोडी करून त्यात घाला. पाणी घालू नका. डाळीला लागतात तेवढ्या शिट्ट्यांत भोपळा वाफेवर पूर्ण मऊ होतो, आणि पाण्यात उकळल्यावर जे पाण्याबरोबर जातं त्यातलं बरंच डब्यातच राहतं. डब्याच्या तळाला भाजीचं थोडं पाणी सुटलेलं असेल. ते फेकू नका, घोटताना लागेल तेवढं वापरा आणि उरलेलं वरणात ओता. गाजर, बीट, फरसबी यांना वेळ जास्त लागतो, म्हणून त्यांच्या फोडी लहान करा. रताळं आणि बटाटा सालासकट उकडून मग सोला. दुधी कोवळा घ्या आणि चिरल्यावर त्याचा छोटा तुकडा आधी स्वतः चाखा. कडू लागला तर पूर्ण टाकून द्या, कारण कडू दुधी मोठ्यांनाही आजारी पाडतो. पालकाला कुकर नको. पानं तीन-चार पाण्यांतून धुऊन झाकणाखाली दोन-तीन मिनिटं वाफवली की पुरे. शेवग्याच्या शेंगा कुकरमध्ये छान शिजतात, पण त्यांचा गर चमच्याने खरवडून, धागे राहणार नाहीत असा चाळणीतून काढावा लागतो. डाळीत हळद आणि चिमूट हिंग घालायला हरकत नाही. मीठ मात्र बाळाचा वाटा काढून झाल्यावरच घाला.

घोटायचं कशाने, यावर पैसे खर्च करायची गरज नाही. पुरणयंत्र जवळपास प्रत्येक जुन्या घरात आहे आणि बाळाच्या भाजीसाठी ते उत्तम साधन आहे. ते नसेल तर स्टीलची चाळणी आणि पळी, नाहीतर वाटीचा तळ. लाकडी रवीने डाळ घोटतो तशी मऊ भाजीही घोटता येते. मिक्सर वाईट नाही, पण त्याच्या दोन अडचणी आहेत. एक, बटाटा किंवा रताळं मिक्सरमध्ये जोरात फिरवलं की त्यातला स्टार्च सुटून डिंकासारखा चिकट गोळा होतो; तो बाळाच्या टाळूला चिकटतो आणि गिळायला अवघड जातो. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. पातं फिरावं म्हणून पाणी घालावं लागतं आणि घट्टपणाचा मूळ मुद्दाच हातचा जातो. घास बरोबर झाला आहे का, हे पाहायची साधी खूण अशी: चमचा तिरका केला तर प्युरी लगेच ओघळून पडता कामा नये. फारच कोरडी वाटली तर उकळून कोमट केलेलं पाणी किंवा आईचं काढलेलं दूध चमचाभर घाला. बाटलीत भरून, निपलला मोठं भोक पाडून काहीही देऊ नका. जे चमच्याने भरवता येत नाही ते बाळाचं अन्नच नव्हे.

इथे पहिला आक्षेप हमखास येतो, तो बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून. सहा महिन्यांच्या पोटाला एवढं घट्ट पचेल का? या वयाला बाळाची पचनसंस्था शिजलेली डाळ, भात, भाजी आणि तूप पचवायला तयार झालेली असते. सहा महिने पूर्ण होण्याची वाट पाहायची ती त्यासाठीच. तयारी झाल्याच्या खुणाही दिसतात: मान सावरते, आधाराने बसता येतं, तोंडात आलेला चमचा जिभेने बाहेर ढकलायची सवय कमी होते. बटाट्याने वात होतो, दुधी थंड, भोपळ्याने सर्दी होते, असंही सांगितलं जातं. त्यावर वाद घालण्यापेक्षा एक व्यवहारी तोड आहे. नवी भाजी सकाळच्या वेळी, थोडी, आणि दोन दिवस लागोपाठ द्या. पुरळ, उलटी, जुलाब असं काही झालं नाही तर ती भाजी त्या बाळाला मानवली. एकेक भाजी आठवडाभर चालवायचं मात्र टाळा. त्या गतीने पहिल्या दोन महिन्यांत बाळ फक्त आठ चवी चाखेल, आणि चवी स्वीकारायला सगळ्यात अनुकूल असलेला काळ तेवढ्यातच निघून जाईल. शीचा रंग बदलला म्हणून घाबरू नका. बिटाने ती लालसर होते, पालकाने हिरवी. भोपळा आणि गाजर रोज भरपूर दिलं तर तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा पिवळसर दिसू लागतो. ते निरुपद्रवी असतं आणि भाजी बदलली की ओसरतं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर ते काविळीचं लक्षण असू शकतं. तेव्हा डॉक्टर गाठायचे.

दुसरा आक्षेप मिठाचा. मीठ-साखर नाही तर चव कशी लागणार आणि बाळ खाणार कसं? मोठ्यांच्या जिभेला मिठाची सवय झालेली असते, म्हणून ती भाजी आपल्याला अळणी लागते. बाळाला अळणी म्हणजे काय ते अजून ठाऊकच नाही. त्याच्या गरजेपुरतं सोडियम दुधातून आणि साध्या अन्नातून मिळतं, आणि जास्तीचं मीठ बाहेर टाकायची मूत्रपिंडांची ताकद अजून पुरती आलेली नसते. साखर आणि गूळ घातला की गोडाशिवाय घास घ्यायचाच नाही अशी ओढ लागते. मध एक वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटणातसुद्धा नको, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. पण मीठ-साखर नको म्हणजे चवच नको, असा अर्थ काढू नका. तुपात परतलेल्या जिऱ्याची पूड, धण्याची पूड, शिजवताना डब्यात टाकलेली आणि मग काढून घेतलेली लसणाची पाकळी किंवा कढीपत्ता हे सगळं चालतं. बाळ या वासांना तसं परकंही नसतं. अमेरिकेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ज्या आयांनी गरोदरपणात किंवा दूध पाजण्याच्या काळात गाजराचा रस प्यायला होता त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं अन्न जास्त सहज स्वीकारलं. आई जे जेवते त्याची चव गर्भजलातून आणि दुधातून बाळापर्यंत आधीच पोचलेली असते. घरच्या भाजीतूनच बाळाचा वाटा काढा, या आग्रहाला हाही एक आधार आहे.

बाळ थुंकतं, तोंड वाकडं करतं, मान फिरवतं. एवढ्यावरून ‘याला पालक आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि पालक घरातून बाद होतो. हा निकाल फार लवकर लागतो. नाकारलेली भाजी आठ-दहा वेळा, मध्ये दिवस जाऊ देत, न रागावता पुन्हा समोर आली तर बहुतेक बाळं ती खाऊ लागतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. प्रत्येक वेळी चमचा-दोन चमचे पुरतात. तोंडात कोंबायचं नाही, मोबाइल दाखवून नकळत भरवायचंही नाही. भाजी केळ्यात किंवा सफरचंदात लपवून देणं सोपं असतं, पण त्यात बाळ केळ्याची चव शिकतं, पालकाची शिकत नाही. कडसर-तुरट भाज्यांना आपापल्या चवीने तोंडओळख मिळू द्या. सोबत भात-वरण आहेच.

या पद्धतीचा घराला होणारा फायदा कमी लेखू नये. आपल्या खाद्यपरंपरेत घोटलेल्या भाज्यांना मानाचं स्थान आहे. चाकवताची किंवा आंबट चुक्याची गरगट भाजी, डाळ-पालक, पातळभाजी या सगळ्यांत शिजवून घोटायची पायरी असतेच, आणि तिथे थांबून बाळाची वाटी भरून घेतली की पुढची फोडणी घरासाठी मोकळी. पावभाजी तर याचं सगळ्यात सोपं उदाहरण. बटाटा, फ्लॉवर, मटार, गाजर एकत्र उकडून मॅश केलेलं असतं. मसाला, मीठ आणि बटर पडायच्या आधी बाळाला त्यातलं तीन चमचे द्या. भोपळ्याचा उरलेला लगदा थालीपिठाच्या किंवा घारग्यांच्या पिठात जातो, दुधीचा कणकेत, गाजर-टोमॅटोचा सारात. दात पडलेल्या आजोबांना आणि तापातून उठलेल्या माणसाला हीच भाजी वरून मीठ, मिरपूड, लिंबू घालून देता येते. आणि ज्या घरात आईच उभ्याने, राहिलेलं-साहिलेलं जेवते, तिथे बाळाच्या निमित्ताने रोज एक ताजी भाजी जास्त शिजली तर ती आईच्याही ताटात आली पाहिजे. दूध पाजणाऱ्या बाईला तिची गरज बाळाइतकीच आहे.

रोज ताजं करायला वेळ कुठे, असं नोकरी करणारे आई-वडील विचारतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. भोपळा, गाजर, रताळं, दुधी, मटार यांची प्युरी करून, लवकर गार करून, स्वच्छ आइस ट्रेमध्ये गोठवली तर महिनाभर चांगली राहते. गोठलेल्या वड्या झाकणाच्या डब्यात भरून त्यावर तारीख लिहा. एक-दोन वड्या वाटीत काढून वाफ येईपर्यंत गरम करा, कोमट होऊ द्या आणि द्या. एकदा गरम केलेलं पुन्हा गोठवू नका. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली प्युरी दुसऱ्या दिवशी संपवा. बाळाचा उष्टा चमचा ज्या वाटीत गेला ती वाटी ठेवायची नाही, कारण लाळेबरोबर गेलेले जंतू त्यात वाढतात. म्हणून वाटीत थोडंच घ्या आणि लागलं तर पुन्हा वाढा. बीट, पालक आणि इतर पालेभाज्यांना हा साठवणीचा नियम लावू नका. त्यांच्यात नायट्रेट जास्त असतं आणि शिजवून ठेवल्यावर जिवाणूंमुळे त्याचं नायट्राइट होऊ लागतं; ते लहान बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी करू शकतं. पालेभाजी शिजवली त्याच वेळी द्यावी आणि उरली तर मोठ्यांनी खावी. जिथे वीज तासन्‌तास जाते तिथे गोठवण्याच्या भानगडीत पडू नये. तिसरा डबा रोज लावणं जास्त सुरक्षित.

दुकानातल्या तयार डब्यांचं आणि पाऊचचं काय? प्रवासात, आजारपणात एखादा वापरला म्हणून काही बिघडत नाही. पण त्यांतल्या अनेकांची चव फळांनी गोड केलेली असते आणि पाऊच चोखताना बाळ चावायला शिकत नाही. भारतात १९९२चा कायदा आणि त्यातली २००३ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करायला बंदी आहे. तरीही मोबाइलवर ‘तज्ज्ञ आई’च्या शिफारशीच्या रूपात ती आपल्यापर्यंत पोचते. अशी शिफारस वाचताना हा कायदा लक्षात असू द्या.

प्युरी नकोच, पहिल्या दिवसापासून बाळाच्या हातात तुकडे द्या, असं एक मत हल्ली शहरांत जोर धरतं आहे. त्यातला हाताने खाऊ देण्याचा आग्रह मला पटतो; प्युरी पूर्ण टाळण्याचा नाही. डाळ-भात-भाजी हे आपलं जेवण मुळातच कालवून खायचं आहे. पण या मताने बोट ठेवलेला धोका खरा आहे: प्युरी सुरू करणं सोपं असतं, सोडणं अवघड. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांच्या पाहणीत असं आढळलं की ज्यांना गुठळ्या असलेलं अन्न दहा महिन्यांनंतर मिळालं त्यांना पुढे भरवणं जास्त कठीण गेलं. म्हणून सातव्या महिन्यातच चाळणी बाजूला ठेवा आणि पळीने नुसतं चेचा. आठव्या महिन्यात बोटाएवढी, दोन बोटांत सहज चुरडेल इतकी मऊ वाफवलेली गाजराची किंवा भोपळ्याची फोड हातात द्या आणि समोर बसून राहा. ठसका लागून तोंड उघडं ठेवत खोकणारं बाळ घास सांभाळायला शिकत असतं; आवाजच बंद झाला तर ते गुदमरणं असतं. कच्चं गाजर, अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं या वयात देऊच नका. वर्षाचं होईपर्यंत बाळाने घरच्याच ताटातलं, कमी तिखट-मिठाचं जेवायला लागावं.

एक गोष्ट मात्र भाजीच्या प्युरीकडून मागू नये, ती म्हणजे लोहाची पूर्ण भरपाई. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो आणि भाज्या-डाळींतलं लोह शरीर कमी प्रमाणात शोषतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. घासावर लिंबाचे चार थेंब पिळले तर त्यातलं क जीवनसत्त्व शोषणाला मदत करतं. घरात चालत असेल तर नीट शिजवलेलं अंडं, काटे काढलेला मासा, बारीक केलेलं मटण त्याच भाजीत मिसळून सुरू करा. यासाठी वर्षाची वाट पाहायची गरज नाही. याशिवाय सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांवरच्या बाळांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं सिरप दिलं जातं. ते आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत मागा आणि न चुकता द्या. दर महिन्याला बाळाचं वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या. दोन महिने वजनाची रेघ वर सरकली नाही, किंवा नऊ महिन्यांचं बाळ अजून घट्ट घास गिळत नसेल, तर भाज्या बदलत बसू नका. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.